हातांना वाचा फुटावी!

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे निकाल लागले, की सीमाभागातील घराघरांतून एक नवी धावपळ सुरू होते. वेल्डरचे प्रमाणपत्र हाती पडलेला मुलगा आज गोव्यास, उद्या पुण्यास, परवा मुंबईकडील एखाद्या पुलाच्या कामावर मुलाखतीस निघतो. त्याच्याबरोबरच, कोणत्याही संस्थेची पायरी न चढलेला, परंतु उद्यमबागेतील एखाद्या कारखान्यात वा पेठेतील ग्रिलच्या दुकानात चार वर्षे रॉड जाळून हात बसविलेला मुलगाही निघतो. दोघांच्याही मागे घराची आशा उभी असते. आणि दोघांपैकी कित्येक जण परततात ते एकच गाऱ्हाणे घेऊन : "काम येत होते, तरी घेतले नाही", किंवा त्याहूनही जिव्हारी लागणारे : "घेतले, पण वेल्डर म्हणून नव्हे, हेल्पर म्हणून!"

या गाऱ्हाण्याचा सारा दोष घेणाऱ्याच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. ठेकेदारांची काटकसर, ओळखीपाळखीचे राजकारण, परगावच्या मुलाकडे पाहण्याची तिरकी नजर, हे सारे आहेच; ते नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु जे आपल्या हाती नाही त्याचा शोक करीत बसण्यापूर्वी जे आपल्या हाती आहे ते आपण केले काय, हा प्रश्न विचारणे भाग आहे. आमचे स्पष्ट मत असे, की आमचा तरुण कारकुनाच्या मुलाखतीची तयारी करतो आणि वेल्डरच्या परीक्षेस बसतो. तो सदऱ्यास इस्त्री करतो, स्वतःविषयी चार वाक्ये पाठ करतो, प्रमाणपत्रास प्लॅस्टिकचे आवरण चढवितो. पण बांधकामावरील वेल्डरला पहिला प्रश्न साहेब विचारीत नाही. तो विचारते लोखंडाची प्लेट. आणि दुसरा प्रश्न येतो तो त्या प्लेटवर हाताने जे केले त्याचे कारण तोंडाने सांगण्याचा. पहिल्या प्रश्नात केवळ प्रमाणपत्रवाला अडतो, दुसऱ्यात केवळ अनुभववाला. हात शिकला पाहिजे हे खरेच. पण शिकलेल्या हाताला वाचाही फुटली पाहिजे.

इतकी कसून परीक्षा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर जोडाच्या स्वभावातच आहे. विटेचे बांधकाम वाकडे झाले तर डोळ्यांस दिसते. वेल्डचा दोष बहुधा पोटात असतो. वरून गोमटा दिसणारा जोड आतून पोकळ असू शकतो. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात, तेलक्षेत्रावरील कामगारांच्या निवासासाठी वापरला जाणारा 'अलेक्झांडर कीलांड' नावाचा तरंगता मंच वादळात उलटला आणि त्यावरील २१२ माणसांपैकी १२३ माणसे मृत्युमुखी पडली. चौकशीत काय निघाले? मंचाच्या एका आधारनळीस पाण्यातील ध्वनी टिपणारे उपकरण बसविण्यासाठी एक लहानसा तुकडा जोडला होता. त्या तुकड्यावर मंचाचा भारही नव्हता. परंतु त्याच्या अवघ्या ६ मिलिमीटरच्या वेल्डपाशी तड गेली, लाटांच्या माऱ्याने ती वाढत गेली, नळी तुटली आणि मंचाचा एक पायच निखळला. 'हा जोड तसा किरकोळ आहे', हे वाक्य वेल्डरच्या तोंडी का शोभत नाही, हे यावरून कळावे. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला, सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा मुंबईचा अटल सेतू घ्या. त्याच्या कित्येक गाळ्यांचा रस्ता वेल्ड केलेल्या पोलादी पेट्यांवर उभा आहे. अशा कामावर घेताना कोणी खोदून प्रश्न विचारले, तर तो उमेदवाराचा छळ नव्हे. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांची ती राखण आहे.

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळू. मुलाखतीचे बोलावणे आले, की पहिले काम म्हणजे चौकशी. परीक्षा कोणत्या पद्धतीची आहे : रॉडची, सीओटूची की आर्गनची? एका पद्धतीत उत्तीर्ण झालेला हात दुसरीत उत्तीर्ण ठरत नाही. प्लेटवर आहे की पाइपवर? जोडाच्या पाठीमागे पट्टी देणार आहेत की रूट उघडी आहे? उघडी रूट भरणे हे निराळे कसब आहे. पट्टीवर काम करण्याची सवय असलेला हात तेथे हमखास भोक पाडतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, स्थिती कोणती? प्लेट आडवी टेबलावर ठेवून केलेला जोड म्हणजे १ जी. उभ्या प्लेटवर आडवी रेघ म्हणजे २ जी. उभी रेघ म्हणजे ३ जी. आणि डोक्यावरचा जोड म्हणजे ४ जी. पाइप ४५ अंशांत तिरपा व अचल ठेवून भोवताली जोडावयाचा ती ६ जी, ही सर्वांत अवघड समजली जाते. अमेरिकेच्या पोलादी बांधकामाच्या वेल्डिंग संहितेप्रमाणे ३ जी आणि ४ जी या दोन परीक्षा उतरल्या, की प्लेटच्या चारही स्थिती उमेदवारास खुल्या होतात. आणि परीक्षेची प्लेट १० मिलिमीटरची असेल तर २० मिलिमीटरपर्यंतच्या जाडीचे काम त्यास करता येते. आपल्याकडेही वेल्डरच्या परीक्षेसाठी भारतीय मानक ७३१० आहे. अशी चौकशी दूरध्वनीवरून करण्यात कमीपणा नाही. उलट, जो हे विचारतो तो काम जाणतो, हे समोरच्यास परीक्षेपूर्वीच कळते.

ग्रिलच्या दुकानात वाढलेल्या मुलाची खरी अडचण येथेच आहे. त्याचा हात वर्षानुवर्षे टेबलावर, पातळ पट्टीवर, आडव्या जोडात फिरलेला असतो. डोक्यावरचा जोड त्याने क्वचितच केलेला. अशाने एकदम पुलाच्या कामावर जाऊन ४ जी चा जोड मागितला तर हात थरथरणारच. यास्तव आमचे सांगणे असे, की मुलाखतीपूर्वी किमान तीनचार आठवडे रोज तास-दीड तास जी स्थिती कच्ची आहे तिचाच सराव करावा. जी येते ती पुनःपुन्हा करून मनाचे समाधान करून घेऊ नये. प्लेट महाग असते हे आम्ही जाणतो. पण भंगारातील तुकड्यांवरही हात बसतो. जोड झाला की तो कापून पाहावा. परीक्षकही तेच करणार आहे : जोडातून पट्टी कापून ती साच्यात दाबून इंग्रजी यू अक्षरासारखी वाकविली जाते, एक चेहऱ्याच्या बाजूने, एक रुटीच्या बाजूने. वाकलेल्या पृष्ठभागावर ३ मिलिमीटरहून मोठी चीर उघडली, तर वर कितीही सुबक खवले दिसत असोत, जोड नापास. हा न्याय आपल्या दुकानातील व्हाइसवर व घणाखाली आधीच करून घेतला, तर परक्या गावी नामुष्की टळते.

परीक्षेच्या दिवशी रॉड पेटविण्यापूर्वीच निम्मे गुण दिले जातात, हेही ध्यानात असावे. उमेदवार आला तो प्लेटवरील गंज, तेल, रंग घासून काढतो काय? कडांचा उतार व मधली फट मोजतो काय? केबल, होल्डर आणि अर्थिंगचा शिकंजा तपासतो काय? कामाची पद्धत लिहिलेला जो कागद समोर असतो, ज्यास कामावर डब्ल्यू. पी. एस. म्हणतात, तो वाचतो काय? त्या कागदावर रॉड कोणता, करंट किती, ध्रुव कोणता, हे सारे दिलेले असते. तो न वाचता मशीनची मूठ सवयीने फिरविणारा उमेदवार परीक्षकाच्या मनातून तेथेच उतरतो. प्रत्येक थर झाला की स्लॅग ठोकून, ब्रशने घासून, मगच पुढचा थर देणे, ही गोष्ट दुकानात वेळेअभावी सुटते आणि परीक्षेत अंगाशी येते.

आता दुसरा प्रश्न, वाणीचा. येथे आम्हांस अनुभववाल्या मुलाची फार कणव येते. त्यास सारे येत असते, पण सांगता येत नाही. "ई ७०१८ चा अर्थ काय?" असे विचारले की तो गप्प होतो, आणि तोच रॉड तो दोन वर्षे जाळीत आलेला असतो! अर्थ अवघड नाही. पहिले दोन अंक ताकदीचे : दर चौरस इंचास ७० हजार पौंडांचा ताण. तिसरा १ म्हणजे सर्व स्थितींत चालणारा. शेवटचा अंक लेपाचा व करंटचा. आणि हा लेप हायड्रोजन कमी ठेवणारा. यातूनच पुढचा प्रश्न निघतो : "हा रॉड गरम पेटीत का ठेवतात?" उत्तर असे, की लेपाने हवेतील ओल घेतली तर त्या ओलीतून हायड्रोजन जोडात उतरतो आणि जोड थंड झाल्यावर, कधीकधी काही तासांनी, आतून तडकतो. म्हणून पुडा उघडल्यावर तो १२० अंश सेल्सिअसहून कमी नसलेल्या पेटीत ठेवावयाचा आणि लागतील तेवढेच रॉड बाहेर काढावयाचे. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात वाढलेल्या मुलास ओल म्हणजे काय हे शिकवावयास नको. फक्त त्या ओलीचा आणि तडीचा संबंध त्याच्या जिभेवर आला पाहिजे.

दोषांविषयीही असेच. कडेला चर पडला, म्हणजे अंडरकट झाला, तर का? करंट जास्त, आर्क लांब, हात घाईचा किंवा रॉडचा कोन चुकलेला. छिद्रे पडली तर का? रॉड ओला, प्लेट तेलकट, आर्क लांब. स्लॅग अडकली तर का? मागचा थर साफ केला नाही किंवा करंट कमी पडला. अशी आठदहा प्रश्नोत्तरे वहीत मराठीत लिहून काढावीत आणि मग तीच हिंदीत व मोडक्यातोडक्या इंग्रजीत मोठ्याने म्हणावीत; कर्नाटकातील कामावर जावयाचे असेल तर कन्नडमध्येही म्हणावीत. मातृभाषेत समजलेली गोष्ट परभाषेत सांगणे सोपे. न समजलेली गोष्ट कोणत्याच भाषेत सांगता येत नाही. आणि जे येत नाही त्यास 'येत नाही, शिकेन' म्हणावे. ६ जी येते असे सांगून ३ जी त अडणाऱ्याची जी फजिती होते, ती न येणाऱ्याची कधी होत नाही.

यापुढचा प्रश्न आमच्या मते सर्वांत मोठा, कारण तो नोकरीचा नव्हे, जिवाचा आहे. चांगल्या कामावर परीक्षक हमखास विचारतो : "सुरक्षेचा पट्टा अडकविण्यास जागा नाही, पण मुकादम म्हणतो दोन मिनिटांचे काम आहे, चढ, काय करशील?" आमचे पुष्कळ तरुण येथे धिटाई दाखविण्याच्या नादात "चढेन" म्हणतात. हे उत्तर चुकीचे आहे; परीक्षेतही आणि आयुष्यातही. बरोबर उत्तर असे, की अडकविण्याची जागा होईपर्यंत मी चढणार नाही, आणि ते मी वरिष्ठास सांगेन. तसेच, आसपास जळाऊ वस्तू असताना परवान्याशिवाय रॉड पेटविणार नाही. काम संपल्यावरही अर्धा-एक तास ठिणगीवर पहारा ठेवीन. ओल्या हातमोज्यांनी होल्डर धरणार नाही. बंद टाकीत एकटा उतरणार नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडावर काम करावयाचे तर मुलामा आधी घासून काढीन आणि वारा खेळता ठेवीन, कारण त्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. गूळ वा दूध घेतले की धूर बाधत नाही, ही आमच्या कारखान्यांतील जुनी समजूत आता सोडून दिली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसास कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला आहे. गुळाने तो हटत नाही; हवेने, धूर ओढणाऱ्या नळीने आणि योग्य मुखपट्टीने हटतो. डोळ्यांचेही तेच. टॅक मारताना काळी काच न धरता डोळे मिटून घेण्याची जी सवय दुकानांत लागते, तिची किंमत रात्री डोळ्यांत वाळू खुपल्यासारखी वेदना होऊन मोजावी लागते. रॉडच्या कामास दहा ते बारा क्रमांकाची काच लागते, हे ठाऊक असणाऱ्या उमेदवारास आपल्या डोळ्यांची किंमत ठाऊक आहे असे समोरचा ओळखतो.

येथे एक आक्षेप आम्हांस ऐकू येतो. लहान ठेकेदाराकडे कोठली प्लेट आणि कोठले डब्ल्यू. पी. एस.! तेथे मुकादम पाच मिनिटांत हो की नाही सांगतो आणि दुपारी माणूस कामावर असतो. आक्षेप खरा आहे. परंतु जेथे तुमची परीक्षा घेतली जात नाही, तेथे तुम्ही त्याची परीक्षा घेणे अधिक अगत्याचे. हजेरी वेल्डरची की हेल्परची? जादा तासांचा दर कोणता? राहण्याजेवणाचे पैसे कापणार काय? हेल्मेट, पट्टा, हातमोजे कोण देणार? विमा आहे काय? ही पाच उत्तरे कागदावर, निदान दूरध्वनीवरील संदेशात, मिळवून मगच पेटी उचलावी. शिवाय, बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी आहेच. वय १८ ते ६० आणि मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवसांचे बांधकाम, एवढ्यावर ती होते. ज्या राज्यात काम करीत असाल तेथील मंडळाकडे ती करून घ्यावी. ती हक्काची आहे, उपकाराची नव्हे.

आखातात जाणाऱ्यांस दोन शब्द निराळे सांगितले पाहिजेत. परदेशी कामावर पाठविणाऱ्या दलालाची नोंदणी असावी लागते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नियमांप्रमाणे त्याने उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरील कर यांहून अधिक घेता कामा नये. लाखाची मागणी करणारा, पावती न देणारा, किंवा 'आधी पर्यटक म्हणून जा, मग तेथे काम लावून देतो' असे म्हणणारा माणूस कितीही गोड बोलो, त्याच्या दारातून मागे फिरावे. शेत गहाण टाकून गेलेला मुलगा वाईट काम सोडूही शकत नाही. कर्जाचा दोर कमरेच्या पट्ट्यापेक्षा घट्ट असतो, आणि तो सावरत नाही, बांधून ठेवतो.

कागदपत्रांविषयी इतकेच. प्रमाणपत्र, ओळखपत्र, पूर्वीच्या परीक्षांचे दाखले आणि केलेल्या कामांची छायाचित्रे तारखांसह एका वहीत ठेवावीत. कोणत्या महिन्यात कोणत्या पद्धतीने काम केले याची नोंद ठेवावी. कारण प्रचलित संहितांप्रमाणे सहा महिन्यांहून अधिक काळ त्या पद्धतीचे काम सुटले, तर पूर्वीचे उत्तीर्ण होणेही संपते. विकत घेतलेला अनुभवाचा दाखला मात्र जवळ बाळगू नये. वाकविलेल्या पट्टीपुढे तो दाखला एक क्षणही टिकत नाही, आणि खोटा दाखला देणाऱ्याच्या खऱ्या जोडावरही मग कोणी विश्वास ठेवीत नाही.

तरुणांस इतके सांगितल्यावर वडीलधाऱ्यांस काहीच न सांगणे अन्यायाचे होईल. आमच्याच जिल्ह्यात गुर्लहोसूरास जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला आणि पुढे लोखंडी नांगर घडविला. तेव्हा लोखंडाने जमीन नासते, अशा समजुतीने शेतकरी त्यास हात लावीनात. त्या नांगराची शिफारस अखेर कोणी केली? प्रत्यक्ष जमिनीने. मालाने स्वतः परीक्षा देऊन आपली किंमत ठरवावी, हा धडा ज्या गावाने पाहिला, त्या गावात एका मुलास सरावासाठी कोपरा मिळू नये काय? उद्यमबागेतील कारखानदारांनी रविवारी एक मशीन व भंगारातील चार तुकडे या मुलांस द्यावेत. निवृत्त वेल्डरांनी तासभर येऊन त्यांचे जोड तपासावेत व खोटी मुलाखत घेऊन त्यांना बोलते करावे. भारतीय मानके आज मानक ब्युरोच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. आमच्या वाचनालयांनी त्यांतील वेल्डिंगची मानके छापून ठेवावीत, आणि एखाद्या जाणत्याने त्यांचा अर्थ मराठीत समजावून सांगावा. प्रशिक्षण संस्थेत वेल्डिंग शिकणाऱ्या मुलीस 'हे तुझे काम नव्हे' असे म्हणणाऱ्या आप्तांनीही आपली जीभ आवरावी. वाकलेल्या पट्टीस तो जोड कोणाच्या हाताचा हे कळत नाही.

गणेशोत्सवाच्या मांडवासाठी लोखंडी सांगाडा उभा करावयाचा झाला, की आमची मंडळे याच मुलांना रात्री-अपरात्री हाक मारतात आणि ती धावत येतात. त्या मंडळांनी मांडव उतरल्यानंतर वर्षातून एक महिना या मुलांच्या परीक्षेची तयारी आपल्या अंगावर घ्यावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. त्यास लागतील ते चार तुकडे लोखंड, दोन पुडे रॉड, एक जाणता माणूस आणि थोडी सवड. एवढे जमले, तर पुढल्या खेपेस आमचा तरुण मुलाखतीहून परतेल तो हेल्परच्या हजेरीचे गाऱ्हाणे घेऊन नव्हे, वेल्डरच्या नेमणुकीचा कागद घेऊन.